लेझर जॉबवर्कचा एक हंगाम: बाटली, पाऊच, बूच आणि बरणी

यंदाच्या हंगामात आमच्या घरगुती प्रक्रिया उद्योगाची चार कामे मी चिपळूण परिसरातील एका लेझर जॉबवर्क करणाऱ्या गाळ्यात करून घेतली. कोकम सोड्याच्या पेट (पीईटी) प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर बॅच क्रमांक आणि तारीख कोरणे, आंबापोळीच्या पाऊचला हाताने सरळ फाडता येईल अशी रेघ देणे, बुचांवर चिन्ह उमटवणे आणि लोणच्याच्या बरण्यांचा पृष्ठभाग लेबल धरून ठेवील असा करणे, अशी ती कामे होती. यांपैकी दोन उत्तम झाली, एक आधी बिघडून मग सुधारले आणि एकाचे पैसे शब्दशः पाण्यात गेले. गाळ्याचे नाव मी देत नाही, कारण या लेखात तक्रारीचा भाग मोठा आहे आणि त्यातील काही दोष माझ्याच पदरात पडतो. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे मी गुण देताना एक निकष सर्वांत वर ठेवला आहे: खूण उमटवताना प्लॅस्टिकच्या पृष्ठभागातील रेणूंची मांडणी किती विस्कटली आणि त्या विस्कटण्याचा पुढे वस्तूवर काय परिणाम झाला. खूण सुबक दिसते की नाही, हे गिऱ्हाईकही पाहू शकते.

शाईच्या छपाईला कंटाळून मी लेझरकडे वळलो. आमच्या बाटल्या एसटी स्टँडवरच्या आणि गुहागरच्या किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत बर्फाच्या पेट्यांमध्ये तरंगत असतात. बर्फाचे पाणी, मिठाचे हात आणि वरून कोकणातली दमट हवा यांमुळे शाईने छापलेली तारीख दोन दिवसांत पुसट होते. तारीख आणि बॅच क्रमांक वाचता येणे ही खाद्यपदार्थ विकणाऱ्यावर कायद्याने घातलेली अट आहे, त्यामुळे टपरीवाल्याने पुसट तारखेची बाटली परत केली तर त्याच्याशी वाद घालता येत नाही. लेझरने कोरलेली खूण पुसली जात नाही, एवढ्या एका गुणावर मी तिकडे गेलो.

गाळा लहान, पण नीटनेटका आहे. आत दोन यंत्रे आहेत: एक कार्बन डायऑक्साइड लेझरचे, तीस वॉटचे, १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचे. दुसरे ३५५ नॅनोमीटरचे अतिनील लेझर, जे गेल्याच वर्षी आणल्याचे मालक अभिमानाने सांगतात. धूर ओढून घेणारा पंखा प्रत्येक यंत्राला स्वतंत्र जोडलेला आहे आणि तो खरोखर चालू ठेवला जातो, ही बाब मी मुद्दाम नोंदवतो. एका गिऱ्हाइकाने माझ्यासमोर पीव्हीसीचे फलक कोरायला आणले, तेव्हा मालकांनी ते हातही न लावता परत केले. पीव्हीसी तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना आणि यंत्राच्या भिंगांना सारखाच घातक असतो. गिऱ्हाईक परत पाठवण्याचे धैर्य असलेला गाळा मला पहिल्याच भेटीत आवडला.

आता बाटल्यांविषयी. पेटची बाटली म्हणजे फुगवलेले प्लॅस्टिक असे आपण सहज म्हणतो, पण तिची सगळी ताकद त्या फुगवण्यात असते. परीक्षानळीसारखा दिसणारा जाड प्रीफॉर्म सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, आत दांडा घालून तो लांबीत ताणतात आणि त्याच वेळी दाबाची हवा सोडून रुंदीतही फुगवतात. यामुळे शेवयांच्या गुंत्यासारख्या पडलेल्या रेणुसाखळ्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना ओढल्या जातात, काही भाग स्फटिकी होतो आणि थंड होताच ती मांडणी तशीच गोठते. म्हणूनच तीन-चार दशांश मिलिमीटर जाडीची भिंत सोड्याचा दाब सहन करते आणि वायूही सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. मांडणी गोठलेली आहे याचा पुरावा कोणालाही घरी मिळतो: रिकाम्या पेट बाटलीत उकळते पाणी ओतले की ती आक्रसून वाकडीतिकडी होते. पेटच्या साखळ्या साधारण ७५ अंशांच्या वर हलू लागतात आणि हलता आल्या की आपल्या मूळच्या गुंत्याकडे परत जातात. बाटलीचे तोंड मात्र ताणले जात नाही, तळाचा मधला ठिपकाही जवळजवळ तसाच राहतो. ताणलेला आणि न ताणलेला भाग जिथे एकमेकांना भेटतात, तो तळाच्या पाच पायांजवळचा पट्टा बाटलीचे नाजूक स्थान असतो.

आमच्या पहिल्या ६०० बाटल्यांवर गाळ्याने नेमके तिथेच, तळाच्या पायाच्या वळणावर, अक्षरे कोरली. खालच्या बाजूला खूण असली की वरच्या लेबलाला अडथळा होत नाही, असे त्यामागचे कारण मला सांगण्यात आले आणि मी मान डोलावली. खूण ठसठशीत होती. "सर, दहा वर्षं पुसली जाणार नाही," असे मालक म्हणाले आणि ते खरेच होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात टपऱ्यांवरून फोन येऊ लागले. काही बाटल्यांचा सोडा निवला होता आणि काहींच्या तळाशी गुलाबी थेंब साचत होते. परत आलेल्या अकरा बाटल्या मी ओट्यावर ओळीने मांडल्या आणि घड्याळजीकडून मागून आणलेले भिंग डोळ्याला लावले. अकरापैकी नऊ बाटल्यांत चीर एकाच जागेवरून सुरू झाली होती: इंग्रजी आठच्या आकड्यात दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूपासून. लेझरचा ठिपका आठ काढताना त्या बिंदूवरून दोनदा जातो, म्हणून तिथला खड्डा इतर रेषांच्या जवळजवळ दुप्पट खोल होता. उरलेल्या दोन बाटल्यांत इंग्रजी चारच्या आकड्याच्या छेदावर तेच घडले होते. साताच्या, एकाच्या किंवा शून्याच्या खुणेवर एकही चीर नव्हती.

यात माझी चूक कोणती, तेही सांगतो. कोरून आलेल्या बाटल्यांवर बारीक पांढरी भुकटी दिसली, म्हणून आमच्याकडे त्या धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यातून काढल्या गेल्या. अल्कधर्मी पाणी आणि ताणाखालील पेट यांचे वैर जुने आहे. ताण असलेल्या जागी अल्कली आधी साखळ्यांमधले एस्टर बंध तोडते आणि केसाएवढी फट तयार करते. आयुष्यभर वर्गात हे शिकवूनही घरातल्या बादलीत मी ते होऊ दिले. गाळ्याने खोल खड्डा केला, आम्ही त्यात धुण्याचा सोडा भरला आणि एप्रिलच्या उन्हाने दाब वाढवला.

त्या रात्री मी एक प्रयोग केला, जो वाचकांनीही करून पाहावा असा सोपा आहे. लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत असतात. पडदा पूर्ण पांढरा करून त्यासमोर पोलराइज्ड गॉगलची काच धरली आणि हळूहळू फिरवली, की एका कोनात पडदा काळा होतो. आता पडदा आणि काच यांच्यामध्ये बाटलीच्या भिंतीचा कापलेला तुकडा धरला की काळोखात निळे, जांभळे, पिवळे पट्टे उमटतात. साखळ्या एका दिशेने अधिक आणि दुसऱ्या दिशेने कमी ओढलेल्या असल्यामुळे प्रकाश दोन्ही दिशांना वेगवेगळ्या वेगाने जातो. त्या फरकाचेच हे रंग असतात. बाटलीच्या तोंडाकडचा तुकडा धरला तर रंग जवळजवळ नाहीसे होतात, कारण तिथे ताण दिलेलाच नाही. कोरलेल्या आकड्याभोवती भिंगातून पाहिले तेव्हा प्रत्येक रेषेला फिकट रंगाची एक किनार होती आणि आठच्या छेदावर ती किनार फुगून तांदळाच्या दाण्याएवढी झाली होती. लेझरने नुसते प्लॅस्टिक खरवडले नव्हते, तर आजूबाजूच्या साखळ्यांना सैल सोडून त्यांच्या शेजाऱ्यांवर ओढ टाकली होती. माझ्या पत्नीने ते पाहून, विणकामात एक टाका सुटला की शेजारचे टाके असेच ताणले जातात, असे सांगितले आणि माझ्या मते वर्गात मी दिलेल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा ते चांगले होते.

ज्या पडद्यासमोर हे सगळे चालले होते, तो पडदाही याच विषयाचा आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. द्रव स्फटिकांच्या पडद्यात काचेवर पॉलिइमाइड या पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावर मखमलीसारखे कापड एका दिशेने घासून त्यातील साखळ्यांना दिशा देण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली; द्रव स्फटिकांचे रेणू मग त्या दिशेने रांगेत उभे राहतात. कापडाचे तंतू आणि स्थिर विद्युत यांचा उपद्रव टाळण्यासाठी पुढे ध्रुवित अतिनील प्रकाशानेच ही दिशा देण्याचे तंत्र आले. लेझरही असे करू शकतो. पेटसारख्या पॉलिमरवर ध्रुवित अतिनील लेझरचे हजारो सौम्य ठोके, प्लॅस्टिक उडून जाणार नाही एवढ्याच ताकदीने दिले, तर पृष्ठभागावर समांतर लहरी उठतात. त्यांच्यामधले अंतर साधारण लेझरच्या तरंगलांबीएवढे असते आणि पॉलिमरच्या बाबतीत त्या बहुधा ध्रुवणाच्याच दिशेने धावतात. अशा लहरी उठण्यासाठी वरचा थर क्षणभर साखळ्या हलतील इतका तापावा लागतो. याउलट, आधीच खूप ताणलेल्या पेटच्या धाग्यावर जोरदार अतिनील ठोके दिले, तर धाग्याला आडव्या अशा काही मायक्रॉन अंतरावरच्या वळ्या दिसतात. न ताणलेल्या पेटवर त्या येत नाहीत. म्हणजे पृष्ठभाग कोणते नक्षीकाम स्वीकारील, हे लेझरइतकेच त्या प्लॅस्टिकने आधी सोसलेल्या ताणावर ठरते. आमच्या गाळ्यातील यंत्रे असले सूक्ष्मकाम करणारी नाहीत आणि मालकांनी तसा दावाही केला नाही.

दुसऱ्या भेटीत मी बाटल्या, भिंग आणि गॉगल घेऊन गेलो. ठिपक्याचे गणित मांडण्यापूर्वी तरंगलांबीची गोष्ट बोलावी लागली. १०.६ मायक्रॉनच्या अवरक्त किरणातील एका प्रकाशकणाची ऊर्जा अवघी ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ लागतात. तेव्हा हा लेझर बंध थेट तोडत नाही, तो प्लॅस्टिक तापवतो, वितळवतो आणि वाफ करून उडवतो. जिथे उष्णता पोहोचते, तिथली मांडणी सैल होते. शिवाय पेटमधील कार्बन-ऑक्सिजन बंध नऊ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश अधिक जोमाने शोषतात, १०.६ मायक्रॉनचा तितका नाही. त्यामुळे ९.३ मायक्रॉनचा लेझर पेटवर वरच्या वर दुधट, ठळक खूण काढतो, तर १०.६ चा किरण खोल जाऊन पारदर्शक खाच पाडतो आणि ती वाचता यावी म्हणून चालक ताकद वाढवत नेतो. आमच्या बाटल्यांचे हेच झाले होते. "९.३ ची नळी महाग पडते, सर, आमच्याकडे नाही," असे मालकांनी सरळ सांगितले. ही प्रामाणिक कबुली पहिल्या भेटीत मिळाली असती तर मी तिला अधिक गुण दिले असते.

या लेझरविषयी आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली आणि ती त्यांना ठाऊक नव्हती. ज्या यंत्राने आमच्या बाटल्या कोरल्या, तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीत झाला आणि पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. अतिनील लेझरने प्लॅस्टिक न जाळता स्वच्छ कोरता येते, हे दाखवणारे रंगस्वामी श्रीनिवासन मूळचे मद्रासचे; आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी मेन-बँटन यांनी १९८२ साली १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरने पेटच्याच पातळ फिल्मवर ते सिद्ध केले. १९३ नॅनोमीटरचा कण सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो, म्हणून तो बंधच तोडतो आणि उष्णता पसरण्याआधी तुकडे उडून जातात. तेच किरण उडवण्याच्या मर्यादेखाली ठेवले तर वरचा अतिपातळ थर वितळून क्षणात थिजतो, साखळ्यांना पुन्हा रांगेत यायला वेळच मिळत नाही आणि स्फटिकी पेटवर अस्फटिकी साय धरते. अशी साय गोंद आणि शाई चांगली धरते, म्हणून ती मुद्दामही तयार करतात. मांडणी विस्कटणे दर वेळी नुकसानीचेच असते असे नाही. आमच्या तळाच्या खुणेत ते नुकसानीचे ठरले, कारण तिथे ताण होता आणि खाच खोल होती.

चर्चेतून जे बदल ठरले, ते साधे होते. खूण तळावरून उचलून खांद्याखालच्या सपाट भागात नेली, जिथे भिंतीची जाडी एकसारखी असते. ताकद कमी करून वेग वाढवला. आकडे अखंड रेषांचे न ठेवता तुटक ठिपक्यांचे केले आणि छेदबिंदूवर किरण बंद राहील असा अक्षरसंच निवडला. असा संच त्यांच्या यंत्रात आधीपासूनच होता, फक्त कोणी वापरला नव्हता. यातला शेवटचा बदल एकटाच केला असता तरी अकरापैकी बहुतेक बाटल्या वाचल्या असत्या, असे मला वाटते. आम्ही आमच्या बाजूने धुण्याचा सोडा बंद केला आणि कोरण्याआधी साध्या पाण्याने बाटल्या विसळायला सुरुवात केली. दुसऱ्या खेपेच्या ८०० बाटल्यांतून जूनपर्यंत एकही परत आलेली नाही. खूण पहिल्याइतकी ठसठशीत नाही, वाचायला बाटली थोडी तिरपी धरावी लागते, आणि एका टपरीवाल्याने त्याबद्दल कुरकुर केली. ती कुरकुर मी आनंदाने सहन करतो. पहिल्या खेपेच्या मजुरीतून गाळ्याने निम्मी रक्कम वळती करून दिली, हेही नोंदवले पाहिजे.

पाऊचचे काम हे या गाळ्याचे खरे यश आहे. आमची आंबापोळी ज्या पाऊचमध्ये भरतो, त्याला बाहेरून १२ मायक्रॉनची ताणलेली पेट फिल्म आणि आतून पॉलिथिलीनचा थर असतो. ताणलेल्या फिल्मला सुरुवातीची चीर मिळेपर्यंत ती दाद देत नाही आणि चीर मिळाली की साखळ्यांच्या ओढीप्रमाणे हवी तिकडे पळते; म्हणून लोक दाताने पाऊच फाडतात आणि आंबापोळी मांडीवर पडते. लेझर इथे निवड करतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण पेट चांगला शोषते, पॉलिथिलीन मात्र तो बराचसा आरपार जाऊ देते. त्यामुळे वरची पेट एका सरळ रेषेत कापली जाते आणि आतला, हवा-पाणी अडवणारा थर अखंड राहतो. १०.६ मायक्रॉनची जी मर्यादा बाटलीवर नडली, ती इतक्या पातळ फिल्मवर नडली नाही, कारण इथे खोल जायला जागाच नाही. रेघेच्या दोन्ही काठांना वितळून गोळा झालेल्या पेटची बारीक कड बोटाला लागते. साखळ्या सैल होऊन मागे ओढल्या गेल्याची ती खूण आहे आणि तीच पुढे फाटीला रुळासारखी वाट दाखवते. मी वीस पाऊच पाण्याने भरून, तोंड सील करून, रेघेवर दाब देऊन रात्रभर ठेवले. एकातूनही थेंब आला नाही. शेजारच्या आजींनी, ज्यांची बोटे संधिवाताने वाकली आहेत, तो पाऊच पहिल्याच प्रयत्नात सरळ फाडला आणि "एवढंच होय?" म्हणाल्या.

बुचांवरचे काम थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण त्यात काही बिघडलेच नाही. आमची पांढरी बुचे पॉलिथिलीनची आहेत आणि त्यांच्या पांढरेपणाचे कारण त्यातील टायटॅनियम डायऑक्साइड हे रंगद्रव्य. ३५५ नॅनोमीटरचा अतिनील किरण ते रंगद्रव्य शोषते आणि स्वतः करडे होते; भोवतालच्या साखळ्यांना फारसा धक्का बसत नाही, पृष्ठभाग हाताला गुळगुळीतच लागतो. कोकमाच्या फळाचे आमचे चिन्ह त्यात इतके रेखीव आले की पानाची शिरही दिसते. एका बुचाला लागणारा वेळ जास्त आहे, म्हणून दरही बाटलीच्या दुपटीहून अधिक आहे.

राहिली बरणी. पॉलिप्रॉपिलीनच्या बरणीवर कागदी लेबल चिकटत नाही, हे दुःख लोणची-पापड करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा गोल उभा राहतो. ज्याला पाणी भिजवू शकत नाही, त्याला पाण्यातला गोंदही धरत नाही. मालकांनी "लेझरने पृष्ठभाग उघडून देतो" असे सांगितले आणि मी, विषय माहीत असूनही, ३०० बरण्या दिल्या. आधी अतिनील यंत्रावर प्रयत्न झाला. बरणी अर्धपारदर्शक, तिच्यात रंगद्रव्य नाही, आणि शुद्ध पॉलिप्रॉपिलीन ३५५ नॅनोमीटरला जवळजवळ आरपार जाऊ देते. किरण आला तसा निघून गेला. मग कार्बन डायऑक्साइडचा ठिपका मोठा करून, पसरवून फिरवला. साचात ओतलेल्या बरणीची बाहेरची कातडी, प्लॅस्टिक साच्याच्या थंड भिंतीला घासत पुढे सरकताना, प्रवाहाच्या दिशेने ताणलेली असते. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या थोडे वर वितळते. ठिपक्याखाली ती कातडी मऊ झाली, सैल झाली आणि बरणीच्या पोटावर उन्हात वाळलेल्या पापडासारख्या लाटा आल्या.

परत आणलेल्या बरण्यांवर थेंब खरेच थोडा पसरत होता आणि लेबलेही चिकटली. पण मी ओल्या फडक्याने एक बरणी पुसली आणि पुन्हा थेंब टाकला, तर तो पूर्वीसारखाच गोल उभा राहिला. उष्णतेने तुटलेल्या साखळ्यांचे ऑक्सिजन घेतलेले लहान तुकडे पृष्ठभागावर पडलेले होते; थेंबाला तेच आवडले होते आणि फडक्याने तेच पुसून गेले. गोंदाने धरली होती ती ही सैल भुकटी, बरणी नव्हे. मृगाचा पहिला पाऊस आला आणि दुकानात ठेवलेल्या बरण्यांची लेबले पाण्यासह खाली आली. या कामाला ज्योतीची किंवा कोरोना विसर्गाची (उच्च दाबाच्या विजेची) प्रक्रिया हीच योग्य वाट आहे, ती स्वस्तही आहे, आणि पृष्ठभागाला ऑक्सिजन देताना खालच्या मांडणीला फारसा हात लावत नाही. जे आपल्याकडे असलेल्या यंत्राने होत नाही, ते होत नाही असे सांगणे गाळ्याला पीव्हीसीच्या बाबतीत जमले, बरणीच्या बाबतीत जमले नाही. पैसे परत मागितले तेव्हा, साहित्य तुमचे आणि होकारही तुमचा, असे उत्तर मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी ३०० बरण्यांऐवजी तीन बरण्यांवर आधी चाचणी करून दाखवणे हे काम करणाऱ्याचे कर्तव्य होते, असे माझे मत आहे.

व्यवहाराच्या बाबतीत गाळा सरळ आहे: बिल जीएसटीसह, वेळ बहुतेक पाळलेली. वीज गेली की बॅच मध्येच तुटते आणि अर्धवट कोरलेल्या बाटल्या ओळखून बाजूला काढणे आपल्यावर येते, तेव्हा माल ताब्यात घेताना मोजण्याबरोबर पाहूनही घ्यावा. पावसाळ्यात भिंगावर दमट धूळ बसून किरणाची ताकद उतरते आणि सकाळची खूण आणि दुपारची खूण वेगळी दिसते. त्यांनी रोज भिंग पुसण्याची नोंदवही ठेवली आहे, ती मागितल्यास दाखवतात. नव्या गिऱ्हाइकाने तिथे जाताना वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे हे तळाच्या त्रिकोणातील आकडा पाहून सांगावे, ती फुगवलेली की साचात ओतलेली हे सांगावे, आणि तरंगलांबी कोणती वापरणार हे विचारावे. मालक या प्रश्नावर नाराज होत नाहीत. उलट आता ते स्वतःच बाटल्या घेऊन येणाऱ्याला तळावर कोरू नका असे सांगतात, आणि त्यांच्या टेबलाच्या खणात मी एक स्वस्त पोलराइज्ड गॉगल पाहिला.

पाऊचचे आणि बुचांचे काम मी पुढच्या वर्षीही त्यांच्याकडेच देणार आहे. बाटल्यांसाठी ९.३ मायक्रॉनची नळी कोणाकडे आहे याची चौकशी चालू आहे, तोपर्यंत तुटक ठिपक्यांवर भागवतो. लाटा आलेल्या २८० बरण्या माळ्यावर आहेत. त्यांत वहिनींनी यंदाची आमसुले भरून ठेवली आहेत, आणि त्यांना लेबल लागत नाही.